खेळ, व्रत आणि डाकीण: शाळेतील सणांचा प्रश्न

शाळेने मुलांना हॅलोवीन साजरा करू द्यावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा ‘आपले’ आणि ‘परके’ या जोडीत मांडला जातो आणि तिथेच संपतो. एका बाजूस संस्कृतीच्या रक्षणाची काळजी असते, दुसऱ्या बाजूस मुलांच्या निरुपद्रवी आनंदाचा आग्रह असतो. परंतु सणातले एखादे चिन्ह ज्या भूमीत येऊन रुजते तिथे ते कोणाच्या जिवाशी भिडते, हा त्याहून मूलभूत प्रश्न दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात तो सोडून देता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांच्या आसपास असलेल्या येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांच्या या जिल्ह्यात होळीला अंगावर सोंग चढवून रात्रभर नाचण्याची परंपरा जिवंत आहे, आणि याच जिल्ह्यात एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवण्याची रीतही अजून पुरती संपलेली नाही. म्हणून शाळेतील सणाचा विचार येथे करायचा तर खेळ, व्रत आणि आरोप या तीन गोष्टी एकमेकींपासून नीट वेगळ्या काढाव्या लागतात.

हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या संधिकाळी ‘साउइन’ नावाचा सण पाळत आणि त्या रात्री मृतांचे व जिवंतांचे जग एकमेकांच्या जवळ येते असे मानत. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला, तेव्हा आदली रात्र संतदिनाची पूर्वसंध्या म्हणून ओळखली जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. मायदेशी सलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची जी चाल होती ती तिकडे भोपळ्यावर आली, आणि विसाव्या शतकात या रात्रीला सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागणाऱ्या मुलांच्या उत्सवाचे रूप मिळाले. भारतात मात्र ही रात्र चित्रपट, दुकाने आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा या मार्गांनी पोहोचली, म्हणजे तिच्यामागचे पूर्वजस्मरण गळून पडल्यानंतर पोहोचली. गोव्यातील कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात तेव्हा ते धर्माचरण असते. शहरी शाळेच्या बालवर्गातला कागदी भोपळा हे तसे धर्माचरण नव्हे.

हा भेद लक्षात घेतला की पहिल्या आक्षेपाचे, म्हणजे हा परधर्माचा सण आहे या आक्षेपाचे, बळ बरेच कमी होते. ज्यांना हा सण ख्रिस्ती वाटतो त्यांनी नवापूर तालुक्यातील ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांकडे पाहावे. प्रोटेस्टंट परंपरेतील अनेक श्रद्धाळूंना भुताखेतांचे हे नाट्य आपल्या धर्माच्या विरोधात जाणारे वाटते, आणि अशा घरातील मूल वर्गातल्या हॅलोवीनपासून दूर राहू इच्छिते ते ख्रिस्ती असूनही नव्हे, तर ख्रिस्ती असल्यामुळेच. ‘परके’ म्हणून नाकारण्याचा निकषही फार काळ टिकत नाही. एकादशीच्या उपवासाला चालणारे बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हे तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले आहेत. ते बाहेरून आले म्हणून उपवास बाटला नाही. वस्तू किंवा रूढी कुठून आली यावरून तिचे येथील कार्य ठरत नाही.

कायद्याचा विचारही येथे उपयोगी पडतो, मात्र एका मर्यादेपर्यंतच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात २००२ साली धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयी माहिती देणे यांत फरक केला व दुसरी गोष्ट घटनेत बसते असे मानले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील एका अपील न्यायालयाने १९९४ साली, शाळेतील चेटकिणीचे चित्र, कढई आणि झाडू यांमुळे सरकार कोणत्याही धर्माचा पुरस्कार करते असे होत नाही, असा निर्णय दिला. या दिशेने पाहिले तर हॅलोवीनला वर्गात मज्जाव करण्याचे घटनात्मक कारण सापडत नाही. परंतु बिजो इमॅन्युएल खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण श्रद्धेमुळे ते न गाणारी केरळमधील तीन भावंडे शाळेत परत घ्यायला लावली. प्रामाणिक सदसद्विवेकाला, म्हणजे बरेवाईट ठरवणाऱ्या अंतःकरणातील निष्ठेला, शाळेने वाकवू नये हे तत्त्व त्यातून निघते. जे तत्त्व राष्ट्रगीताला लागू पडते ते एखाद्या वेशभूषा दिनाला निश्चितच लागू पडते. तरीही कायदा फक्त सक्ती रोखतो. काय करणे उचित, हे सांगण्याचे काम नीतीचे आहे.

नीतीच्या विचाराची सुरुवात खेळ आणि व्रत यांच्या भेदापासून करावी लागते. डच इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ ही संस्कृतीच्या मुळाशी असलेली वृत्ती मानली. खेळ नेहमीच्या जगण्यापासून अलग अशा एका रिंगणात चालतो, आणि हे खरे नाही याची जाणीव खेळणाऱ्याच्या मनात सतत असते. भुताचा मुखवटा घातलेल्या मुलाला आपण भूत नाही हे ठाऊक असते, म्हणूनच तो खेळू शकतो. व्रताचे तसे नाही. व्रत घेणारा माणूस ठरावीक काळ स्वतःला बांधून घेतो आणि त्या बंधनाचा परिणाम खऱ्या जगावर होईल अशी त्याची श्रद्धा असते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी हे व्रताचे ठळक उदाहरण आहे. ही होळी तेराव्या शतकापासून चालत आल्याचे परंपरा मानते. रात्रभर ढोलाच्या तालावर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. तेथील ‘बुध्या’ अंगावर राख आणि पांढरे ठिपके लावतो, डोक्यावर मोरपिसांचा व कामट्यांचा उंच टोप घालतो, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतो. नवख्या माणसाला हे सारे वेशभूषा स्पर्धेसारखे भासेल. पण बुध्या होणारा माणूस नवस फेडत असतो, त्या दिवसांत ब्रह्मचर्य पाळत असतो, खाटेवर झोपत नसतो. त्याचे सोंग हे त्याने देवाला दिलेल्या शब्दाचे दृश्य रूप आहे.

या भेदातून शाळेकडून होणाऱ्या दोन उलट्या चुका स्पष्ट होतात. खेळाला व्रत समजणे ही पहिली चूक. कागदी भोपळ्यात धर्मांतर पाहणारा आणि मुलाच्या मुखवट्याने संस्कृती बुडेल असे मानणारा माणूस ही चूक करतो. दुसरी चूक व्रताला खेळ समजण्याची. ती अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून कमी ओळखली जाते. स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या स्वागतात, एखाद्या सरकारी कार्यक्रमात मुलांना मोरपिसांचे टोप चढवून पाच मिनिटे नाचवले जाते, तेव्हा ज्यांच्या घरी ते नवसाचे आहे त्यांच्या श्रद्धेचे रूपांतर मनोरंजनात होते. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून अनुसूचित जमातींच्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत प्रवेश मिळतो. अशा शाळेत गेलेल्या धडगाव परिसरातील मुलाला ऑक्टोबरात हॅलोवीनचा मुखवटा आनंदाने घालता यावा, आणि फाल्गुनात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला व होळीला घरी जाण्यासाठी रजा मागताना मात्र ‘मागास’ असल्यासारखे वाटावे, हा अन्याय हॅलोवीनचा नाही, पण हॅलोवीनमुळे तो उघडा पडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने प्रत्येक समूहाला आपली वेगळी भाषा व संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. होळीला रंगमंच देण्याआधी शाळेने सुट्टी द्यावी, हा त्या हक्काचा शाळेपुरता साधा अर्थ आहे.

मात्र हॅलोवीनमध्ये एक चिन्ह असे आहे की जे नंदुरबारमध्ये खेळाच्या रिंगणात राहू शकत नाही, आणि ते म्हणजे चेटकीण. सातपुड्यातील गावांत मूल आजारी पडले, गाय आटली, घरात लागोपाठ मृत्यू झाले की काही कुटुंबे भगताकडे, म्हणजे दैवी दृष्टी असल्याचे मानल्या जाणाऱ्या गावातील जाणत्याकडे जातात, आणि तो कधी सूचकपणे, कधी थेट एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. ती ‘डाकीण’, म्हणजे नजरेने वा मंत्राने जीव खाणारी बाई, ठरली की तिला बहिष्कार, मारहाण, गाव सोडणे आणि प्रसंगी मृत्यूलाही तोंड द्यावे लागते. आरोप बहुधा अशा बाईवर येतो जिच्या पाठीशी कोणी नसते: विधवा, वृद्ध, एकटी, किंवा जिच्या नावावरच्या जमिनीवर भाऊबंदांची नजर आहे अशी. दवाखाना दूर असतो, रोगाचे कारण कळत नाही आणि दुःखाला चेहरा हवा असतो. त्या पोकळीत डाकीण जन्मते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचा छळ करणे हा त्यातील अपराध असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कारावासाची व पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची शिक्षा आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या जिल्ह्यात डाकीण प्रथेविरुद्ध दीर्घकाळ प्रबोधन केले आहे.

येथे एक गंभीर प्रतिवाद उभा राहतो आणि त्याला बगल देणे योग्य नव्हे. मुलांनीच चेटकिणीचे सोंग घेतले तर तिची भीती हसण्यावारी जाईल आणि डाकिणीवरील विश्वास आपोआप ढिला होईल, असे म्हणता येते. बुवांचे चमत्कार स्वतः करून दाखवायचे व मग त्यांतली युक्ती उघड करायची, ही अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची पद्धतही नाट्याच्या याच बळावर उभी आहे. पण युरोपचा इतिहास या आशेला साथ देत नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत तेथे चेटकाच्या आरोपाखाली सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच पुसला गेला. झाडूवर बसलेली गमतीदार चेटकीण हॅलोवीनच्या शुभेच्छापत्रांवर रुळली ती त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. आधी कायद्याने, न्यायालयाने आणि वैद्यकाने आरोप निष्फळ केला, मग हसू आले. हसण्यामुळे सुरक्षितता आली नाही, सुरक्षिततेमुळे हसणे शक्य झाले. शिवाय चमत्काराच्या प्रयोगात उघडा पडतो तो फसवणारा बुवा. चेटकिणीच्या सोंगात हास्यास्पद होते ती वाकडे नाक, विस्कटलेले केस आणि काठी असलेली म्हातारी, म्हणजे आरोपाला बळी पडणाऱ्या बाईचेच चित्र. ज्या मुलाच्या आजीला किंवा काकूला गावाने डाकीण म्हटले आहे, ते मूल त्याच वर्गात बसलेले असू शकते, आणि ते बहुधा काही बोलणार नाही.

भीती मुळात बाहेरून आली असा याचा अर्थ होत नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो भाविक सातपुड्यातील अस्तंब्याचे शिखर चढतात. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा तेथे चिरंजीव भटकतो आणि जखमेसाठी तेल मागतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. जिल्ह्याच्या लोकमनात अद्भुत आणि भयकारी या दोहोंनाही जुनी, सन्मानाची जागा आहे. अश्वत्थाम्याची कथा मात्र जखमी भटक्याविषयी करुणा जागवते, डाकिणीची कथा शेजारणीविषयी संशय पेरते. गूढाविषयीची श्रद्धा आणि जिवंत माणसावरचा आरोप यांतले हे अंतर मुलांना समजावणे, हे वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या शिक्षणाचे खरे काम आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क ने नागरिकांवर जी मूलभूत कर्तव्ये सोपवली त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन व मानवतावाद एकाच खंडात शेजारी ठेवले आहेत, आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग हेही कर्तव्य त्याच अनुच्छेदात सांगितले आहे.

म्हणून नंदुरबारमधील शाळेपुरते उत्तर सरसकट होकाराचे किंवा सरसकट नकाराचे नाही, पण ते संदिग्धही नाही. मुलांना मुखवटे करू द्यावेत, भोपळा कोरू द्यावा, प्राण्यांची, झाडांची, कथेतल्या पात्रांची सोंगे घेऊ द्यावीत. ज्या घराला हे पटत नाही त्या घरच्या मुलाला कारण न विचारता दुसरे काम द्यावे, आणि त्याला वर्गात एकटे पाडू नये. चेटकिणीचे सोंग मात्र शाळेत नसावे, आणि ते का नाही हे मुलांना त्यांच्या वयाला झेपेल अशा भाषेत सांगावे, कारण नुसती बंदी भीतीलाच खतपाणी घालते. जी शाळा ऑक्टोबरात हॅलोवीनसाठी अर्धा दिवस काढते तिने होळीच्या सुट्टीत काटकसर करू नये. आणि बुध्याचा पेहराव मंचावर आणायचा असेल तर ज्यांचा तो नवस आहे त्यांना आधी विचारावे, व त्यांनी नाही म्हटले तर ते मान्य करावे. हॅलोवीन शाळेत राहतो की जातो, याने जिल्ह्याचे फारसे बिघडणार नाही. परंतु खेळ, श्रद्धा आणि आरोप या तिन्हींना वेगळे ओळखणारी पिढी शाळेतून बाहेर पडली, तर उद्या गावात कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवील तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणारे लोक त्या गावात असतील, आणि कोणता सण शाळेत यावा हे ठरवताना याच फळाकडे पाहिले पाहिजे.