छडीचे आभारी

नेलकरंजीत काय झालं ते पुन्हा सांगत नाही. चीड आली ती नंतरच्या बोलण्याची. लातूरच्या ट्यूशन एरियात काय, नांदेडच्या श्यामनगरात काय, नीटच्या सराव परीक्षेतल्या मार्कांपायी सतरा वर्षांच्या लेकीला जात्याच्या खुंट्याने मारल्याचा गुन्हा ज्याच्यावर दाखल आहे, त्या नेलकरंजीच्या बापाचा सगळ्यांनी निषेध केला. आणि लगेच पुस्ती जोडली: "तेवढं नको, पण आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर घडलो."

घडलात, मान्य. पण फुकटचं वसतिगृह, एसटीचा सवलतीचा पास, रात्री जादा तास घेणारे गणिताचे सर, डबा भरणारी आई, या सगळ्यांना वगळून श्रेय छडीलाच कसं गेलं? मारानेच बुद्धी वाढत असती तर मराठवाड्यात एव्हाना दोन-चार नोबेल यायला हरकत नव्हती. मार खाऊन सातवीतच शाळा सोडलेला पोरगा सत्काराला येत नाही, गुणवंतांच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो नसतो. उरलेले बोलतात आणि तोच पुरावा ठरतो. 2016 मध्ये गेर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतली, सुमारे 1,60,000 मुलांवरची संशोधनं एकत्र तपासली. हलक्या माराचाही संबंध त्यांना हट्टीपणाशी आणि आक्रमकपणाशी दिसला. कुणी म्हणेल, हट्टी पोरांनाच मार जास्त बसतो. बसत असेल. पण मग माराने ती सुधारल्याचं तरी दिसायला हवं होतं. तेही दिसलं नाही. मारलं नाही तर मुलं डोक्यावर बसतात, न मारणं ही परदेशी थेरं आहेत, असल्या सबबींना यातच उत्तर आलं.

तो बाप मुख्याध्यापक. शाळेत त्याने विद्यार्थ्यावर हात उगारला तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 आडवं येतं. घराच्या उंबऱ्याआत अशी थेट मनाई नाही. उलट भारतीय न्याय संहितेचं कलम 27 बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला आडोसा देतं. जबर दुखापतीला तो मिळत नाही, सतरा वर्षांच्या मुलीबाबत तर प्रश्नच येत नाही. पण चापटी, छडी, पट्टा यांची बाजू घेणाऱ्याला तेवढी फट पुरते. नेपाळने 2018 मध्येच घरातला मारही बंद केला. लातूर-नांदेडच्या खासदारांनी रेल्वेच्या मागण्यांतून सवड काढून तशी मनाई करणारं एक खासगी विधेयक मांडावं. मंजूर होणार नाही, ठाऊक आहे. तरी मांडावं.