पिशवी कुणाची?

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुभेच्छांचे फोटो थांबले आणि बंगळुरूचा एक व्हिडिओ आला. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांचं शूटिंग करायचं, त्यांचं घर शोधून काढायचं, मग त्यांच्याच दारात कचरा नेऊन ओतायचा आणि वर दंडाची पावती फाडायची, अशी मोहीम तिथं ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाली होती. व्हिडिओखाली टाळ्या वाजवणारे हात आणि हसून रडणारे चेहरे यांचा पाऊस पडला. एका काकांनी विचारलं, "पुण्यात कधी?" पाच मिनिटांत सेक्रेटरींचा मला वेगळा मेसेज: "तुम्ही कॉम्प्युटरवाले. आपल्या कोपऱ्यावर असं काही बसवता येईल का? कॅमेऱ्याचा खर्च सोसायटी करेल."

मी अंगठा पाठवला. ग्रुपवर मात्र मला हसता आलं नव्हतं. त्याला कारण आहे.

२०२२च्या पावसाळ्यात मी याच गल्लीत दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहत होतो. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे काम रात्री दोन-तीनपर्यंत चालायचं. कचरेवाल्या मावशी सकाळी आठला यायच्या, तेव्हा मी मेल्यासारखा झोपलेला. डबा दाराबाहेर ठेवला की मांजर उलटायचं, मग घरमालकीण बाईंचा फोन. तिसऱ्या दिवशी ओल्या कचऱ्याला वास सुटायचा. एका रात्री मी पिशवी गाडीच्या हुकाला अडकवली आणि डीपीच्या शेजारी, जिथं आधीच ढीग होता, तिथं गाडी जरा हळू करून टाकून दिली. पुढचे चार-पाच महिने हेच चालू होतं. आठवड्यातून दोनदा, तीनदा.

अपराधी वगैरे वाटत नव्हतं. ढीग तिथं होताच. माझ्या पिशवीनं तो मोठा झाला असं कुणी शप्पथ घेऊन सांगू शकलं नसतं.

मग एकदा पहाटेपर्यंत रिलीज चाललं आणि सहा-सव्वासहाला मी पोहे खायला खाली उतरलो. डीपीपाशी एक झाडणाऱ्या ताई आणि मुकादम उभे होते. मुकादम काठीनं पिशव्या फाडून आत नाव-पत्ता मिळतोय का बघत होते. पावती फाडायची तर नाव लागतं. वीजबिल, औषधाची चिठ्ठी, कुरिअरचं पाकीट, काहीही चालतं. त्यांच्या हाताला एक लेबल लागलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हे इंग्लिश जरा वाचता का?"

त्यावर माझं नाव होतं. फ्लॅट नंबरसकट.

"पावसानं पुसलंय," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या पिशवीकडे गेले. ताई तोवर माझ्या पिशवीतल्या फुटलेल्या कॉफी मगचे तुकडे एकेक करून बाहेर काढत होत्या आणि एका वर्तमानपत्रावर ठेवत होत्या. त्यांच्या एका हातात ग्लोव्ह होता, एका हातात नव्हता.

हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मी नेमकं काय चुकीचं केलं? बेकायदेशीर होतं हे उघड आहे. २०१६च्या घनकचरा नियमांनी वेगळा केलेला कचरा गोळा करणाऱ्याच्या हाती द्यायचं काम तेव्हा माझ्यावर टाकलं होतं आणि रस्त्यावर टाकायला बंदी केली होती. पण कायदा मोडला म्हणून मला ते पोहे गिळवले नाहीत असं झालं नव्हतं. सिग्नल मी अधूनमधून तोडतोच, आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवतो.

डेरेक पारफिट नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९८४च्या पुस्तकात एक कल्पित गोष्ट सांगितली आहे. हजार छळ करणारे आहेत आणि हजार माणसं यंत्रांना बांधलेली आहेत. प्रत्येक छळणाऱ्यानं एकच बटण दाबायचं. त्यानं हजारही यंत्रांचा काटा अगदी एका घरानं पुढे सरकतो, इतका थोडा की बांधलेल्या माणसाला फरक कळतही नाही. पण हजारांनी हजार बटणं दाबली की वेदना असह्य होते. आता बोला, दोषी कोण? प्रत्येक जण म्हणू शकतो की माझ्यामुळे कुणाला काहीही जाणवलं नाही. पारफिटचं म्हणणं असं की हा हिशेबच चुकीचा आहे. सगळे मिळून जे करतात त्यात आपला वाटा काय, हे बघायला हवं.

प्रदूषण, कार्बन, ट्रॅफिक अशा सगळ्या गोष्टींना लोक हे उदाहरण लावतात. मीही माझ्या पिशवीला लावून पाहिलं. काही दिवस बरंही वाटलं, कारण हजारातला एक असणं हा तसा सोपा गुन्हा आहे. पण ते बसत नाही. यंत्रावरची वेदना हजारांमध्ये वाटली जाते, माझी पिशवी वाटली गेली नव्हती. ती अख्खीच्या अख्खी एका बाईंनी, एका सकाळी, हातानं उचलली. ढिगात शंभर पिशव्या असोत नाहीतर एकच, माझ्या मगचे तुकडे कुणाला तरी एकेक करून वेचावेच लागले. ढीग आधीच होता या सबबीचा इथं काही उपयोग नाही. मी शहर घाण केलं वगैरे मोठ्या गोष्टी सोडा. मी एका ओळखही नसलेल्या बाईंना एक काम सांगितलं, त्यांना न विचारता, आणि नाही म्हणायची सोय न ठेवता. घरी आलेल्या कुणालाही मी कधी म्हटलं नसतं, की हे जरा वेचा.

आमच्या धंद्यातही 'गार्बेज' असतं, आणि त्याची व्याख्या मला फार आवडते. प्रोग्रॅम चालू असताना मेमरीतल्या ज्या वस्तूकडे बोट दाखवणारं कुणीच उरत नाही, ती कचरा. ती चांगली की वाईट, सडकी की ताजी, याच्याशी संबंध नाही. मग गार्बेज कलेक्टर येतो आणि जागा मोकळी करतो. सेकंड इयरला जावा शिकताना यात नीती-अनीती काही दिसली नव्हती. पण रात्री गाडी हळू करून मी हेच करत होतो. हुकाला असेपर्यंत पिशवी माझी होती. हात सुटला की ती 'कोपऱ्यावरचा कचरा' झाली. तिच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरू नये एवढंच मला हवं होतं, आणि ते लेबल म्हणजे चुकून राहून गेलेलं बोट.

महापालिकांचे बरेचसे उपाय बघितले तर ते हे तुटलेलं नातं परत जोडायला धडपडतात. पिशव्या फाडून नाव शोधणं, कॅमेरे, फिरती पथकं, आणि आता बंगळुरूची दारात कचरा ओतण्याची पद्धत. दुसरा प्रकार जागेचा. इंदूरनं रस्त्यावरच्या कचरापेट्याच काढून टाकल्या आणि गाडी दारोदार नेली. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात ते शहर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं. पुण्यानंही मोठे कंटेनर हलवले. पेटी हलते, पण लोकांच्या हाताला सवय असते. पेटी नसलेल्या त्याच जागी पिशव्या पडत राहतात, आणि पालिकेच्या कागदावर तो 'क्रॉनिक स्पॉट' होतो. मग तिथं रांगोळी, कुंड्या, एखादा बाक.

आणि देवाच्या टाइल्स. गणपती, साईबाबा, क्रूस, ७८६, सगळे एका ओळीत भिंतीवर. सर्वधर्मसमभाव इतक्या मन लावून इतर कुठे पाळलेला मी पाहिला नाही. भिंतीखालचा कचरा यानं खरंच थांबतो, आणि वीस पावलं पुढे, जिथं टाइल्स संपतात, तिथं सुरू होतो. गंमत म्हणजे त्याच देवांच्या काच फुटलेल्या तसबिरी पिंपळाखाली आणून ठेवल्या जातात. तो कचरा मानायला कुणी तयार नसतं, उचलायला तर त्याहून नाही.

कॅमेरा काय आणि देव काय, दोघांचं काम एकच: कुणीतरी बघतंय असं वाटायला लावणं. मला पकडण्यासाठी हे चांगलंच होतं. पण मला कुणी बघत नव्हतं ही माझी अडचण कधीच नव्हती. मी कुणाला बघत नव्हतो.

हे फक्त माझ्यासारख्यांपुरतं नाही. नव्वदच्या दशकापासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जायचा. २००० सालच्या नियमांनी कचऱ्यावर प्रक्रिया करा आणि उरलेलं तेवढंच पुरा असं सांगितलं होतं, तरी तिथं उघड्यावर डोंगर वाढले. विहिरी नासल्या आणि गावांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. एप्रिल २०१७मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी सुमारे तीन आठवडे पुण्याच्या गाड्या अडवल्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. पेठांमधून नाक धरून जाताना आम्ही पोरं शिव्या घालायचो, बहुतेक करून गावकऱ्यांना. म्हणजे शहरानंही हुकावरची पिशवी गाडी जरा हळू करून कुणाच्या तरी शिवारात टाकली होती, फक्त रीतसर ठराव करून. तिच्यावरचं लेबल वाचा म्हटल्यावर 'पावसानं पुसलंय' म्हणणारे आम्हीच.

तर, कॅमेरा. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, म्हणून मी तो बसवला. फुकट मिळणारं एक तयार मॉडेल घेतलं. माणूस दिसला, पिशवी दिसली, माणूस गेला आणि पिशवी राहिली, की अलर्ट. चार रात्री आणि चार सकाळी रेकॉर्डिंग केलं. तेवीस अलर्ट आले.

भुर्जीच्या गाडीवरचा पोरगा अंड्यांची टरफलं घेऊन आला, बारा-तेरा वर्षांचा असेल. एक आजोबा निर्माल्य ठेवून गेले आणि जाताना त्यांनी डीपीला नमस्कार केला. हेल्मेट घातलेला एक जण न थांबता, गाडी हळू करून पिशवी टाकून गेला. बघताना माझा हात आपोआप हलला. पावणेतीनला एक टेम्पो आला आणि बाथरूमच्या फुटक्या फरशांचा राडारोडा ओतून गेला, ढिगातला निम्मा त्याचाच. नंबरप्लेटवर चिखल थापलेला. सगळ्यात जास्त टाकणाराच तेवढा सापडणार नाही, बाकीचे सापडतील. दारात कचरा ओतायचा तर पोराच्या आणि आजोबांच्या.

आणि तेवीसपैकी चौदा अलर्ट झाडणाऱ्या ताईंचे होते. माणूस आहे, पिशवी आहे, सारखी उचलतेय, ठेवतेय. मशीनच्या मते गल्लीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार त्याच.

दुरुस्ती सोपी होती. फ्लोरोसेंट जॅकेट दिसलं की सोडून दे, अशी अट. दोन मिनिटांचं काम. ती टाकली आणि पुन्हा चालवलं. नऊ अलर्ट, एकदम स्वच्छ यादी, आणि त्यात ताई कुठेच नाहीत. रोज चाळीस मिनिटं त्या कोपऱ्यात असणारी एकमेव व्यक्ती एका ओळीनं दिसेनाशी झाली. मी ती ओळ काढून टाकली. मग वाटलं, हे तरी काय, न विचारता आपण त्यांचंही शूटिंग करतोच आहोत.

दुसऱ्या दिवशी अलार्म लावून सव्वासहाला खाली गेलो. ताई त्याच होत्या. कॅमेऱ्याचं सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचा भाग दाखवला तर चालेल का विचारलं.

"दाखवा की. तोंड दिसतंय का पण?"

नाही दिसत, वरून घेतलंय, असं मी सांगितलं. मग धीर करून मगचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, मुकादमांनी लेबल वाचायला दिलेलं, ती पिशवी माझी होती.

त्यांनी जरा आठवून बघितलं. "कुठली हो?" म्हणाल्या. "लई काच निघती." आणि झाडू लागल्या.

रविवारी मीटिंग झाली. बावीस जण आले होते, चहा आणि वेफर्स होते. सेक्रेटरींनी लॅपटॉप टीव्हीला जोडायला लावला आणि विचारलं, "किती सापडले?" मी म्हटलं, आधी हे बघा, आणि सकाळी सहा दहापासूनचं रेकॉर्डिंग लावलं. ताई येतात, झाडू भिंतीला टेकवतात, पहिली पिशवी उघडतात. ओलं एकीकडे, सुकं एकीकडे. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून तिसरीकडे. दुसरी पिशवी.

तीनेक मिनिटं झाली असतील. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, हे जरा पुढे घ्या ना."