देवाचे भय कोणी बाळगावे?

ख्रिस्ती धर्मविचारात ‘परमेश्वराचे भय’ ही कल्पना जितकी मध्यवर्ती, तितकीच अवघड आहे. जुन्या करारातील नीतिसूत्रांचे पुस्तक ज्ञानाचा आरंभ या भयात पाहते, तर नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रानुसार पूर्णत्वास गेलेल्या प्रीतीत भयाला थारा नाही. आणि दोन्ही एकाच पवित्र शास्त्राचे भाग असल्यामुळे त्यांपैकी एक सोयीने बाजूला सारण्याची मुभा ख्रिस्ती विचारवंताला नाही.

या पेचातून वाट काढण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी केला. योहानाच्या त्याच पत्रावर प्रवचने करताना त्यांनी दोन स्त्रियांचा दाखला दिला: व्यभिचारी पत्नीला पती घरी येईल याची धास्ती असते, तर पतिव्रतेला तो सोडून जाईल याची. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद अधिक काटेकोर केला आणि दास्यभय, म्हणजे दंडाच्या धास्तीने पाप टाळणे, व पुत्रभय, म्हणजे पित्याचा अवमान होईल आणि त्याच्यापासून ताटातूट होईल या जाणिवेने पाप टाळणे, अशी मांडणी केली. कॅथलिक परंपरेत पवित्र आत्म्याच्या सात दानांत ज्याची गणना होते, ते त्यांच्या मते हे दुसरे भय होय.

हा भेद सूक्ष्म आहे आणि खराही आहे. परंतु त्याची पारख भक्ताच्या अंतःकरणातच होते, आणि स्वतःच्या धास्तीला प्रेमाचे नाव देण्यात माणूस चांगलाच तरबेज असतो. वर्तनावरून पडताळता येईल असा निकष हवा असेल, तर मोशेच्या नियमशास्त्राकडे वळावे लागते. लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात बहिऱ्याला शिव्याशाप देण्यास व आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्यास मनाई केलेली आहे, आणि तिला लागूनच देवाचे भय बाळगण्याची आज्ञा येते. ही जोडणी वरवर वाचून पुढे जाण्यासारखी नाही. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही आणि आंधळ्याला धोंडा ठेवणारा दिसत नाही. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तोच फिर्याद करू शकत नाही, आणि म्हणून कोणत्याही न्यायाधीशाचा हात या अपराधापर्यंत पोहोचत नाही. अशाच ठिकाणी शास्त्र देवाच्या भयाचे नाव घेते. पुढे 25व्या अध्यायात गरिबीत सापडलेल्या बांधवाकडून व्याज घेऊ नये आणि दारिद्र्यामुळे विकल्या गेलेल्या बांधवावर कठोरपणे हुकमत गाजवू नये असे सांगतानाही तेच भय आठवून दिले जाते. यांपैकी प्रत्येक आज्ञा ज्याचा हात वर आहे, त्याला उद्देशून आहे.

हा धागा इतरत्रही सापडतो. इस्राएलांचे नवजात मुलगे मारून टाकावेत असा हुकूम मिसरच्या फारोने दिला असता शिप्रा व पुवा या सुइणींनी तो मोडला, आणि त्याचे कारण निर्गमाच्या पुस्तकात त्यांनी बाळगलेले देवाचे भय असे दिलेले आहे. म्हणजे या भयाने राजाचे भय निष्प्रभ केले. यहूदियाचा सुभेदार नहेम्या याच्या आधीचे अधिकारी रयतेकडून अन्न, द्राक्षारस आणि वर 40 शेकेल रुपे उकळीत असत. नहेम्याने आपला हक्काचा भत्ताही बारा वर्षे घेतला नाही, आणि त्यामागे देवाचे भय होते असे तो स्वतः नोंदवतो. त्याला अडवणारे दुसरे कोणी नव्हते.

याच्या उलट टोकाला जोनाथन एडवर्ड्स यांचे प्रवचन आहे. 8 जुलै 1741 रोजी अमेरिकेतील एनफिल्ड येथे त्यांनी क्रुद्ध देवाच्या हाती सापडलेल्या पापी माणसांविषयी केलेल्या या प्रवचनाने श्रोते इतके हादरले, की त्यांच्या आक्रोशामुळे बोलणे थांबवावे लागले. एडवर्ड्स थोर तत्त्वचिंतक होते, निव्वळ धमकावणारे उपदेशक नव्हेत. तरीही त्यांनीच 1731 मध्ये न्यूपोर्ट येथे व्हीनस नावाच्या मुलीला गुलाम म्हणून विकत घेतले होते, आणि त्या व्यवहाराची पावती आजही उपलब्ध आहे. त्यांची बाजू घेणारा असे म्हणू शकेल, की लेवीयच्या ज्या अध्यायात बांधवाला निर्दयपणे वागवण्यास मनाई आहे, त्याच अध्यायात परकीय दास बाळगण्याची परवानगीही आहे. हे खरे आहे, आणि त्या नियमशास्त्राची ही मर्यादा झाकण्यात अर्थ नाही. परंतु शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने परक्या शोमरोनी माणसाचा दृष्टांत देऊन उत्तर दिल्यानंतर ती परवानगी ख्रिस्ती माणसाच्या उपयोगाची उरत नाही.

एनफिल्डच्या सभागृहातील थरकाप खराच होता. पण त्या भयाने व्हीनसच्या मालकाचा हात आवरला नाही, आणि लेवीयच्या निकषावर ते अपुरे ठरते. आजही एखाद्या चर्चमध्ये अन्याय झालेल्या माणसाला गप्प बसवण्यासाठी देवाचे भय सांगितले जाते, तेव्हा ती आज्ञा चुकीच्या माणसाला ऐकवली जात असते. ती त्याची तक्रार दाबून टाकण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याला ऐकवली पाहिजे.