बुडीत डिपॉझिट

पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर वीज मंडळातून निवृत्त झालेले. २४ निवडणुका हरून २०१९ साली पुन्हा अपक्ष म्हणून लोकसभेला उभे! परदेशी बातमीदारांनी त्यांची गोष्ट कौतुकानं जगाला सांगितली. पण पिकतं तिथं विकत नाही. आमच्या भोर-वेल्ह्याच्या एस्टीत असल्या उमेदवाराचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो, "घरचे काही म्हणत नाहीत का हो?"

मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे डिपॉझिटवर व्याज मिळतं. लोकसभेचं २५,००० रुपयांचं डिपॉझिट मात्र मतांचा सहावा हिस्सा मिळाला नाही, तर मुद्दलासकट बुडतं. बुडू द्या, पैसे त्यांचे! पण "मत वाया नको" म्हणत आपण मनात नसलेल्याचं बटण दाबतो, तेव्हा आपलं काय बुडतं? त्याची तर पावतीही मिळत नाही.