धनुष्याचा भार आणि धनुर्धराचा अधिकार

शिकारीच्या धनुष्याचा ताण किती रतलांचा (पौंडांचा) असावा, हा प्रश्न वरकरणी कारागिराच्या आणि दुकानदाराच्या कक्षेतला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर मनुष्याने आपल्या सामर्थ्याचे मोजमाप किती प्रामाणिकपणे करावे, आणि त्या मोजमापातील चुकीचे फळ जर दुसऱ्या जीवाला भोगावे लागणार असेल तर ती चूक केवळ अज्ञान ठरते की अधर्म, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न तेथे उभा असलेला दिसतो.

अमेरिकेत पारंपरिक धनुष्याने हरणांची शिकार करणारे लोक आजही आहेत, आणि तेथील अनेक राज्यांनी अशा धनुष्याला किमान ताणाची अट घातली आहे. राज्यागणिक आणि जनावरागणिक तिचा आकडा बदलतो, पण तो साधारणतः ३० ते ५० रतलांच्या दरम्यान असतो. या अटीमागचे कारण करुणेचे आहे. बाण हा बंदुकीच्या गोळीसारखा आघाताने मारीत नाही. त्याच्या धारदार पात्याने रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो, म्हणून बाण बरगड्यांतून खोलवर गेला पाहिजे. दुर्बल धनुष्याचा बाण वरवर रुतून राहतो, आणि ते मुके जनावर तो बाण अंगात घेऊनच रानात नाहीसे होते. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र कायदा सहसा घालीत नाही; ती त्याने शिकाऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडली आहे, आणि माझ्या मते खरा धर्मविचार येथूनच सुरू होतो.

धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीचा असतो. ज्याचे हात लांब त्याच्यासाठी तोच ताण वाढतो, आखूड हातांच्या माणसासाठी घटतो, आणि दर इंचामागे दोन-तीन रतलांचा फरक सहज पडतो. म्हणजे दोन माणसांच्या हाती तेच धनुष्य एकाच वजनाचे राहत नाही. शिवाय चाकांच्या आधुनिक धनुष्यात पूर्ण ओढीपाशी भार हलका होतो, तशी सवलत पारंपरिक धनुष्यात नाही. तेथे भार शेवटपर्यंत वाढत जातो, आणि ज्या क्षणी डोळा स्थिर, श्वास संथ आणि बुद्धी निर्णयाला मोकळी असावी, नेमक्या त्याच क्षणी तो सर्वांत जास्त असतो. ज्याने आपल्या बळापलीकडचे धनुष्य उचलले आहे त्याचा खांदा वर चढतो, दोरीचा हात नकळत पुढे सरकतो, आणि नेम लागण्यापूर्वीच बाण सुटतो, कारण सोडण्याचा हुकूम त्याची बुद्धी देत नाही, त्याचा थकवा देतो. गवताच्या लक्ष्यावर या चुकीची नोंद चार इंच बाजूला पडलेल्या एका छिद्राने होते. हरणाच्या बाबतीत त्याच चार इंचांत फुप्फुस सुटते आणि पोट फाटते.

याचा प्रतिपक्ष पाहायचा असेल तर इशीकडे पाहावे. कॅलिफोर्नियातील ‘याही’ नावाच्या जमातीचा हा अखेरचा पुरुष १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावापाशी एकाकी आढळला, आणि १९१६ मध्ये क्षयाने मृत्यू येईपर्यंत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यचिकित्सकाने त्याच्याकडून ही विद्या घेतली आणि १९२३ च्या आपल्या ग्रंथात तिचा तपशील नोंदवून ठेवला. इशीच्या धनुष्याचा ताण सुमारे ४०-४५ रतलांचाच होता. ती उणीव त्याने बाहुबळाने भरून काढली नाही, तर जवळ जाण्याच्या तपश्चर्येने भरून काढली. शिकारीपूर्वी तो मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, पहाटे ओढ्यात स्नान करून अंगाला सुगंधी पाला चोळी, आणि उपाशीपोटी निघे. हे सारे हरणाला माणसाचा वास येऊ नये म्हणून, असे कोणी म्हणेल. पण ज्या आचारात उपयुक्तता आणि शुचिता इतक्या एकरूप झालेल्या असतात, त्याला व्रत म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. पुढे पोपने प्रचंड अस्वलांसाठी याहून कितीतरी भारी धनुष्ये वापरली. पण त्याच्या मागे वर्षांचा सराव होता, आणि समोरचे जनावरही निराळे होते.

आपल्याकडील वासिष्ठी धनुर्वेदसंहितेने हाच निर्णय दिला आहे: धनुष्य आपल्या बळाच्या मानाने असावे, कारण धनुष्याने पीडलेल्या धनुर्धराला लक्ष्य दिसत नाही. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य या चारही गोष्टी एकाच पंक्तीत बसविल्या आहेत. यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. हिंसा आणि आपले सामर्थ्य यांना तेथे एकत्र का आणले असावे, याचा उलगडा मला या धनुष्याच्या प्रश्नाने जितका झाला तितका भाष्ये वाचूनही झाला नव्हता. जो आपले बळ जाणत नाही त्याच्या हातून घडणारी हिंसा त्याच्या इच्छेहून मोठी होते.

येथे अहिंसावादी विचारील, की मुळात वधच पाप असताना रतलांचा हा हिशेब कशाला? मी स्वतः शिकारीचा कैवारी नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या देशात तिला आळा घातला याचे मला समाधानच आहे. तथापि पाप एकदा पत्करले म्हणजे त्यात तरतम भाव उरत नाही, हा युक्तिवाद मला निर्दय वाटतो, कारण त्याची किंमत युक्तिवाद करणारा देत नाही, जखमी प्राणी देतो. एका श्वासात संपणारे मरण आणि दोन दिवस झुडपांत कण्हत येणारे मरण यांतील अंतर तत्त्वज्ञाला क्षुल्लक भासेल, पण हरणाच्या दृष्टीने सारे जग त्या अंतरात सामावलेले आहे.

तेव्हा परदेशी असलेल्या ज्या मराठी वाचकांना या छंदाचा मोह पडेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की धनुष्य विकत घेण्यापूर्वी ते थंडीत, तासभर निश्चल बसल्यानंतर, बसूनच आणि सावकाश ओढून पाहावे, पूर्ण ओढीवर काही क्षण धरून ठेवावे, आणि हात थरथरला तर निःसंकोचपणे दहा रतल हलके धनुष्य मागावे. आणि ते हलके धनुष्य कायद्याच्या किमान अटीत बसत नसेल, तर बळ येईपर्यंत बाण केवळ गवताच्या लक्ष्यावरच सोडावेत.