लपवलेले आणि न दिसलेले

चिकित्सक मनाच्या माणसाने काय पाहावे, याच्या याद्या हल्ली उदंड झाल्या आहेत. दिवाळी अंकांत त्या असतात, रविवारच्या पुरवण्यांत असतात, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांना तर त्या तोंडपाठ असतात. नावेही जवळपास ठरलेली: 'इन्सेप्शन', 'टेनेट', 'डार्क' ही जर्मन मालिका, आणि आपल्याकडचा म्हणून 'दृश्यम'. या कलाकृतींशी माझे भांडण नाही. त्यांतल्या काही मी चवीने पाहिल्या आहेत. भांडण आहे ते यादीमागच्या समजुतीशी. जे उकलायला अवघड ते बुद्धीला खाद्य देणारे, आणि जो आधी उकलतो तो हुशार, अशी ती समजूत आहे.

याहून वेगळी मतेही आहेत, पण ती फार काळ टिकणारी नाहीत. जे कंटाळवाणे ते बौद्धिक, असे फिल्म सोसायट्यांच्या उतरत्या दिवसांत काहींना वाटू लागले होते. ते मत त्याच खुर्च्यांत झोपी गेले. माहितीपट पाहून ज्ञान वाढते हे खरे, पण ते ज्ञानकोश चाळूनही वाढते. कोड्याचा पक्ष मात्र तगडा आहे. तो मनोरंजनाला कमी लेखत नाही, प्रेक्षकाला आळशी बसू देत नाही, आणि तर्काची भाषा बोलतो. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

कोड्याच्या चित्रपटात उत्तर आधी तयार होते आणि प्रश्न नंतर. प्रेत कुठे पुरले आहे हे लेखकाला पहिल्या पानापासून माहीत असते. आपल्याला कळू नये एवढीच सारी व्यवस्था. आपण जे करतो ते विश्लेषण वाटते खरे, पण आपण चालतो ती वाट दुसऱ्याने आखलेली असते, आणि खुणाही त्यानेच पेरलेल्या असतात. 'दुसऱ्यांदा पाहिल्यावर नवे सापडते' असे या पक्षाचे लोक अभिमानाने सांगतात. सापडते, पण काय? पहिल्या खेपेला हुकलेली, मुद्दाम ठेवलेली खूण.

यावर ते म्हणतील, निदान तर्काला तरी धार येते. मला तेही मान्य करवत नाही. तर्क चालवणे हा विचारातला त्यामानाने सोपा भाग. अवघड भाग त्याच्या आधीचा: समोरच्या हजार गोष्टींतली कोणती पुरावा म्हणून धरायची आणि कोणती सोडायची. कोड्याच्या चित्रपटात ही निवड आपल्यासाठी केलेली असते. कॅमेरा घड्याळावर थांबला, की घड्याळ महत्त्वाचे. सिनेमाचे जुने तिकीट दाखवले, की ते पुढे कामी येणार. तिथे फुकटचे काहीच नसते. जगात बहुतेक सगळे फुकटचे असते, आणि कामाचे काय ते कुणी बोट ठेवून दाखवत नाही.

आणि एक सवय लागते. सतत कोडी पाहणारे मन हळूहळू धरून चालते की, जे समजत नाही ते कुणीतरी लपवलेले आहे. मग साथ आली तरी कुणाचा तरी डाव, भाव पडला तरी कुणाचा तरी डाव, निवडणूक हरली तरी डाव. अशा अफवा पसरवणारे सगळेच अडाणी नसतात. त्यांतले पुष्कळ जण चांगले तल्लख असतात. फक्त त्यांची बुद्धी निरीक्षणावर न पोसता संशयावर पोसलेली असते.

उदाहरण आमच्या आदिलाबादचेच घेतो. दिवाळीच्या आगेमागे इथल्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसतात, आकडा उमटतो, आणि वाद पेटतो. कापूस महामंडळाचा नियम उघड आहे: ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि त्याहून ओला कापूस घ्यायचाच नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे बारा टक्के ओलाव्याला सुमारे तीनशे रुपये गेले. त्याहून ओला असला, तर व्यापारी देईल तो भाव. रांगेत 'हे सगळे आतून मिळालेले आहेत' असे कुणीतरी म्हणतोच. असतीलही. पण ज्याला पाहता येते त्याला मिलीभगतीआधी दुसरेच काही दिसेल. परतीचा पाऊस लांबला, की पहिल्या वेचणीचा कापूस ओलसरच निघतो. सकाळी दव असतानाच वेचणी सुरू होते. वाळवायला अंगण नाही, थांबायला पैसा नाही, आणि गाडी रात्रभर यार्डात उघड्यावर राहिली की पुन्हा दव. यातले काहीही कुणी लपवलेले नाही. सारे उजेडात आहे, आणि तरीही ते एकत्र पाहणारा माणूस विरळा.

दुसरे उदाहरण इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरचे. पौष अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा भरते. राज गोंडांतल्या मेसराम कुळाचा हा देव. अभिषेकाचे पाणी जन्नारम मंडलातल्या हस्तिनमडुगू या गोदावरीच्या डोहातून आणतात, तेही गावोगाव थांबत, पायी. परत आल्यावर लगेच देवळात जात नाहीत. आधी वडाखाली मुक्काम. हजारो मेसराम कुटुंबे जमतात, पण स्वयंपाक होतो तो ठरलेल्या २२ चुलींवरच, आपापल्या पाळीने. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुनांना पांढऱ्या लुगड्यात देवापुढे नेतात. त्याला भेटिंग म्हणतात. ती झाल्याशिवाय सून कुळात धरली जात नाही.

पाहुणा पत्रकार इथे येतो, रंग पाहतो, 'आदिवासी संस्कृती जपली पाहिजे' असे लिहितो आणि जातो. कोड्याचा शौकीन आला तर विचारील, यामागचे रहस्य काय? दोघेही चुकतात, कारण रहस्य नाहीच. जवळ पाणी असताना डोह एवढा लांबचा का? कुटुंबे वाढली तरी चुली का वाढवत नाहीत? थोडा वेळ चुलींपाशी बसून पाहावे. कुणाची पाळी कुणानंतर, कोण कुणाला चूल देतो, कोण थांबतो, हे पाहता पाहता लक्षात येते की विखुरलेले कूळ इथे स्वतःची मोजदाद करते आहे. पाण्याची वाट गावांमधून जाते, चुली शाखा सांगतात, भेटिंग नव्या माणसांची नोंद करते. हे माझे वाचन आहे. मेसराम वडीलधारे वेगळे सांगतील, आणि त्यांचे सांगणेही पाहण्याचाच भाग आहे. लेखकाने ठेवलेले एकच उत्तर इथे नाही, म्हणून विचाराला जागा आहे.

या प्रदेशाने असा एक पाहणारा पाहिला आहे. १९४० मध्ये गोंडांच्या बंडाचा नेता कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे दिले. तो मारलवाई या गोंड गावात राहिला. त्याच्या १९४८ च्या 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' या ग्रंथात सण, कुळे, देव तपशिलाने येतात. घरात मराठी बोलणारे परधान हे परंपरागत गायक गोंडांच्या कथा मात्र गोंडीत गातात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. बंडाची कारणे त्याला कुठे सापडली? कसलेल्या जमिनीवर नाव नसणे, राखीव जंगलाची शेताला भिडलेली हद्द, बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेले पट्टे. यातले बरेचसे सरकारच्याच दप्तरात होते. हायमेनडॉर्फ सरकारच्या नोकरीत होता आणि त्याची नजर निर्मळ नव्हती, असे म्हणणाऱ्यांशी माझे दुमत नाही. पण नजर निर्मळ नसूनही ती नेमकी असू शकते.

जगात खरोखर लपवलेले काही नसतेच, असे मला म्हणायचे नाही. २० एप्रिल १९८१ रोजी याच इंद्रवेल्लीत गोंडांच्या सभेवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक कितीतरी अधिक सांगतात. तिथे संशय हे कर्तव्यच आहे. तरीही, ती माणसे त्या दिवशी का जमली होती, हे कळायला गुप्त कागद लागत नाहीत. जमिनीचा प्रश्न भर उन्हात उभा होता.

चित्रपटांतही हाच भेद मला महत्त्वाचा वाटतो. 'आरआरआर'ने भीमचे नाव जगभर नेले, ठीक. पण तिथे पाहण्यासारखे सारे आधीच इतके मोठे करून ठेवले आहे की आपल्याला पाहावे लागतच नाही. उलट चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' घ्या. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप एका लोकशाहिरावर आहे. एवढ्यावर कुणी झकास कोडे रचले असते. ताम्हाणे रचत नाहीत. कॅमेरा लांब, स्थिर. सरकारी वकील बाई कोर्टातून घरी जाते, स्वयंपाक करते, कुटुंबासह नाटक पाहायला जाते. तिथे परप्रांतीयांवर हशा पिकतो आणि तीही हसते. हिचे काही गुपित नाही. शेवटाकडे कोर्ट रिकामे होते, दिवे विझतात, आणि चौकट हलत नाही. अन्याय करायला इथे कुणाला डाव रचावा लागलेला नाही. तो सगळ्यांच्या सवयींत आहे. त्याहून अस्वस्थ करणारे रहस्य मी कुठल्याही मालिकेत पाहिलेले नाही. कुरोसावाचा 'राशोमोन'ही म्हणूनच कोड्यासारखा दिसतो पण कोडे नाही. त्यातल्या साक्षींना जोडणारे उत्तर दिग्दर्शकाने खिशात ठेवलेले नाही.

तेव्हा यादी करायचीच असेल तर कसोटी एकच ठेवावी. शेवट आधी सांगितला तर गोष्ट संपते का? संपत असेल, तर तो चांगला खेळ आहे, सुट्टीत खेळावा. न संपणारी गोष्ट दर वेळी आपल्याकडून काही मागते: काय पाहायचे, काय सोडायचे, हे आपणच ठरवा म्हणते. लपवलेले शोधणारी बुद्धी हुशार असते, नाकारत नाही. पण आज आपल्याकडे तुटवडा हुशारीचा नाही. उघड्यावर पडलेले पाहून त्याची जबाबदारी घेणाऱ्या बुद्धीचा आहे, आणि ती कोडी सोडवून येत नाही, असे माझे ठाम मत आहे.