वाघ दिसला का?

सप्टेंबर 2009 च्या अखेरीस अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने सलग सहा रात्री केन बर्न्स यांची राष्ट्रीय उद्यानांवरची मालिका दाखवली. एकूण बारा तासांची. गेल्या आठवड्यात आम्ही ती घरी रोज रात्री थोडी थोडी पाहिली. दुबईतल्या अल मनखूलमध्ये इमारतीला इमारत लागून आहे. खिडकीतून रान दिसायची सोय नाही, त्यामुळे मुलं डोळे विस्फारून बघत होती.

मालिकेचा गाभा मला मनापासून पटतो. देशातली सर्वांत देखणी जमीन राजाची नको, धनिकाची नको, ती सगळ्यांची असावी. यलोस्टोन 1872 मध्ये याच विचाराने राखलं गेलं. मालिकेत शेल्टन जॉन्सन नावाचे कृष्णवर्णीय रेंजर भेटतात. 1916 मध्ये उद्यानसेवा स्थापन झाली, त्याआधी योसेमिटीची राखण करणाऱ्यांत कृष्णवर्णीय घोडेस्वार शिपाईही होते, ही विस्मरणात गेलेली गोष्ट त्यांनी लोकांसमोर आणली. त्याच योसेमिटीतून 1851 मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांना सशस्त्र तुकडीने हुसकावलं होतं. मालिका हेही सांगते. तरी डोंगर आणि धबधब्यांच्या त्या वैभवात ती माणसं मनातून मागे पडतात. माझ्या तरी पडली, आणि मला ताडोबा आठवला.

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. तिथल्या तळ्याकाठी तारू या देवाचं ठाणं आहे. तो गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असं गोंड सांगतात. वाघाचं भय आणि वाघाशी शेजार, दोन्ही ज्यांच्या देवातच आहे, त्या लोकांची बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं वाघासाठी उठली. वाघाला मोकळं रान हवं, हे मला मान्य आहे. पुनर्वसनाचे पैसे मिळतात, आता कुटुंबामागे 15 लाख. पण देवाचं ठाणं, मोहाची झाडं, पुरलेली माणसं यांची नोंद कोणत्या रकान्यात होते?

जी गावं बफरमध्ये, म्हणजे उद्यानाभोवतीच्या पट्ट्यात, आणि आसपास राहिली, त्यांचं देणं अजून फिटलेलं नाही. मे महिन्यात तेंदूचा हंगाम. बाया पहाटेच निघतात, कारण उन्हं चढली की रानात थांबवत नाही. झुडपांत वाकून पानं खुडायची, ओटीत भरायची, घरी आणून पुडे बांधायचे. दोनतीन आठवड्यांच्या त्या कमाईवर पेरणीचा खर्च निघतो. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोक सांगतात. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात अशाच पानं तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

जंगल सगळ्यांचं, हे खरं. पण त्याची किंमत सगळे सारखी भरत नाहीत, आणि जे भरतात त्यांचं नाव पाटीवर नसतं. नवेगावबांध बघा. गोंदिया जिल्ह्यातल्या या राष्ट्रीय उद्यानाची सारी शोभा तिथल्या तलावात आहे. हिवाळी पाखरं त्याच्यासाठीच येतात. तो तलाव निसर्गाने दिलेला नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, आणि तलाव बांधणं हेच कोहळी समाजाचं पिढीजात कसब. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. त्यांनी माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या स्थानिक जाणत्यांकडून रान शिकून घेतलं आणि ते ऋण उघडपणे लिहून ठेवलं. असं करणं फार थोड्या अधिकाऱ्यांना जमलं आहे.

आमच्या सह्याद्री वाहिनीवर अशी सहा रात्रींची मालिका व्हावी, असं मला फार वाटतं. तिच्यात गोंड, कोरकू, वारली, कोहळी माणसांनी आपापल्या बोलीत बोलावं, आणि वाघाला जेवढा वेळ मिळतो तेवढा त्यांनाही मिळावा. सार्वजनिक वाहिनी जनतेच्या पैशावर चालते. ज्यांना जाहिरातदार विचारत नाही, त्यांना विचारणं हे तिचंच काम आहे.

दुबईतली आपली मुलं सुटीत भारतात जातात ती जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा पावसामुळे ताडोबाचा कोअर, म्हणजे मधला भाग, बंद असतो. अनेकजण हळहळतात आणि बेत रद्द करतात. तो करू नये. बफरमधली काही प्रवेशद्वारं तेव्हाही सुरू असतात, आणि जिप्सीत शेजारी बसलेला गाइड बहुधा तिथल्याच गावचा असतो. वाघ दिसला का, हे परतल्यावर सगळे विचारतीलच. त्याआधी त्या गाइडला विचारा, त्याचं गाव कोणतं, ते पूर्वी कुठे होतं, आणि यंदा तेंदूला घरातलं कोण गेलं होतं.